हॉकी स्टिकचा बो: आपल्या खेळाला कोणता जुळतो ते कसं ठरवायचं

दुकानात स्टिक हातात घेतली की बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: वजन किती आणि कार्बन किती टक्के. स्टिकचा वाक, म्हणजे बो, शेवटी बघतात किंवा बघतच नाहीत. मग मैदानावर हिट मारला की बॉल उठतो, साधा पुश (स्टिक मागे न नेता ढकललेला पास) गुडघ्यापर्यंत उडतो, ट्रॅप करताना, म्हणजे आलेला बॉल थांबवताना, तो स्टिकवर चढतो, आणि कोच म्हणतो ‘वाक अजून, खाली वाक’. पोरगं आधीच पुरेसं वाकलेलं असतं. दोष कमरेत नसतो, स्टिकमध्ये असतो.

हे सगळं मैदानी हॉकीच्या स्टिकबद्दल आहे. आइस हॉकीत फक्त खालचं पातं वळवलेलं असतं. आपल्या स्टिकमध्ये वाक दांड्याला असतो आणि त्याचा परिणाम हेडवर, म्हणजे बॉल जिथे लागतो त्या खालच्या वळलेल्या टोकावर, होतो.

वाक बॉलला काय करतो

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर किंवा काचेच्या टेबलावर स्टिक सपाट बाजू खाली करून ठेवा. मूठ आणि हेड टेकतात, मधला भाग कमानीसारखा वर राहतो. ही कमान सर्वांत उंच जिथे आहे तिथलं टेबलापासूनचं अंतर म्हणजे बोची खोली. ती जागा हेडच्या तळापासून किती लांब आहे, तो दुसरा आकडा. स्टिक निवडताना हे दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. नुसतं ‘24 मिमी बो’ म्हटल्याने काहीच कळत नाही.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमाप्रमाणे वाक एकाच दिशेला असावा लागतो, त्याची खोली 25 मिमीच्या पुढे चालत नाही, आणि सर्वांत खोल जागा हेडच्या तळापासून 200 मिमीपेक्षा जवळ असता कामा नये. 25 मिमीची मर्यादा 2006 पासूनची. त्याआधी याच्या दुप्पट वाक चालत असे आणि फ्लिक (मनगटाच्या झटक्याने बॉल उचलून फेकणं) मारणाऱ्यांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला होता.

आता खरा मुद्दा. वाकाच्या सर्वांत खोल जागेपासून हेडपर्यंत दांडा पुढच्या बाजूला येत जातो. त्यामुळे तुम्ही दांडा अगदी सरळ धरलात तरी हेडची सपाट बाजू थोडी आकाशाकडे बघते. ढोबळ हिशोब करा: 20 मिमी खोली आणि जागा 300 मिमीवर, तर हा उतार सरासरी 4 अंशांच्या आसपास येतो. 24 मिमी खोली आणि जागा 200 मिमीवर, तर जवळजवळ 7 अंश. प्रत्यक्ष हेडपाशी तो याहूनही जास्त असतो, कारण दांडा वळणावर असतो, सरळ रेषेत नाही. तीन अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण टर्फवर जोरात मारलेला बॉल दहा मीटर जाईपर्यंत या तीन अंशांत जमिनीलगतचा पास आणि धोकादायक बॉल एवढा फरक पडतो.

म्हणून नियम सोपा: वाक जितका खोल आणि जितका खाली, तितकी सपाट बाजू उघडी. उघडी बाजू बॉल उचलायला मदत करते आणि बॉल खाली ठेवायला आडवी येते.

बाजारातले प्रकार

ढोबळमानाने तीन गट पडतात. स्टँडर्ड किंवा रेग्युलर बोमध्ये खोली 20 मिमीच्या आगेमागे आणि जागा साधारण 300 मिमीवर, म्हणजे तळापासून स्टिकच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीवर. मिड बोमध्ये खोली थोडी वाढते आणि जागा 250 मिमीच्या आसपास येते. लो बोमध्ये खोली 24 मिमी किंवा त्याहून किंचित जास्त, आणि जागा 200 ते 215 मिमीवर, नियमाच्या अगदी काठावर.

पण नावांवर विसंबू नका. प्रत्येक कंपनीची नावं वेगळी. ग्रेजच्या स्टिकवर जंबो, अल्ट्राबो असं लिहिलेलं असतं, ओसाकाच्या स्टिकवर प्रो बो असतं. जालंधर आणि मेरठच्या कारखान्यांतून येणाऱ्या अनेक स्टिकवर नुसतं ‘लो बो’ छापलेलं असतं आणि मोजलं तर ती मिड निघते. ‘प्रो’ या शब्दाला तर काहीच अर्थ नाही.

त्यापेक्षा स्वतः मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. स्टिक सपाट बाजू खाली करून ओट्यावर ठेवा. वरून जास्तीची ग्रिप गुंडाळली असेल तर ती काढा, नाहीतर मुठीची बाजू उचलली जाऊन आकडा चुकतो. हेडच्या तळापासून दर 50 मिमीवर पेन्सिलीने खूण करा आणि प्रत्येक खुणेपाशी ओट्यापासून दांड्याच्या खालच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर उभ्या पट्टीने मोजा. पट्टीचा शून्य टोकापासून सुरू होत नसेल तर तेवढं वजा करायला विसरू नका. सर्वांत मोठा आकडा ती खोली, त्याची खूण ती जागा. दुकानात पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं वापरा. त्याचा व्यास 27 मिमी आहे. नाणं उभं धरून कमानीखालून आरपार गेलं, तर ती स्टिक नियमात बसत नाही, कितीही स्वस्त मिळत असली तरी.

आपण सामन्यात काय करतो ते आधी

पोझिशनवरून बो ठरवायची पद्धत रूढ आहे: डिफेन्डरला स्टँडर्ड, मधल्या फळीला मिड, फॉरवर्डला लो. सुरुवात म्हणून ठीक, पण ती अर्धीच खरी आहे. त्यापेक्षा मागचे चार-पाच सामने आठवा आणि तुमच्या स्टिकला बॉल सर्वांत जास्त वेळा कशासाठी लागला ते मोजा. लांब हिट? पुश पास? ट्रॅप? ड्रिबल? हवेतून फेकलेले बॉल? जे सर्वांत जास्त होतं त्यासाठी स्टिक घ्यायची, जे करायला आवडतं त्यासाठी नाही.

मागे खेळणाऱ्याचं बरंचसं काम हिट, फ्री हिट, पुश आणि टॅकलचं असेल तर स्टँडर्ड किंवा फार तर मिड. हिटमध्ये सपाट बाजू जितकी सरळ, तितकी छोटी चूक खपून जाते. दमल्यावर, पन्नासाव्या मिनिटाला, हात किंचित मागे राहिले तरी स्टँडर्ड बो तुम्हाला माफ करतो. लो बो माफ करत नाही. शिवाय गोलवरच्या शॉटखेरीज मैदानात कुठेही हिट मुद्दाम उचलून मारता येत नाही. तो बोमुळे आपोआप उठला, हे अंपायरला सांगून उपयोग नसतो, कारण उठलेला बॉल धोकादायक ठरला की फाउल तुमचाच.

मात्र डिफेन्डर जर संघाचा हवाई पास टाकणारा असेल, स्कूपने चाळीस-पन्नास मीटर बॉल फेकत असेल, तर हिशोब बदलतो. स्कूपमध्ये हेड बॉलखाली घालायचं असतं आणि लो बो ते काम निम्मं करून ठेवतो. हल्ली बरेच डिफेन्डर लांब हिटपेक्षा स्कूप आणि स्लॅपवर (जमिनीलगत स्टिक फिरवून मारलेला फटका) भर देतात, आणि त्यांना मिड ते लो बो चालून जातो.

मधल्या फळीत एकच उत्तर: मिड. तिथे सगळंच थोडं थोडं करावं लागतं.

फॉरवर्डमध्ये दोन जाती आहेत. एक जण स्टिकवरून बॉल उचलून डिफेन्डरच्या आडव्या स्टिकवरून उडी मारायला लावतो. त्याच्या या थ्रीडी खेळाला लो बो जुळतो. दुसरा डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, धावत येऊन जोरात शॉट मारतो किंवा पोस्टपाशी दिशा बदलतो. शॉटवाल्याला मिड पुरेसा आहे. पोस्टपाशी डिफ्लेक्शन करणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावं की लो बोवर बॉल लागला की तो वर जायला बघतो. गोलकीपर जमिनीवर पसरलेला असताना हे फायद्याचं. पण बॉल आधीच उसळत येत असेल तर तो 2.14 मीटर उंचीच्या बारवरून निघून जातो.

वळत्या मनगटाचा आपला जुना ड्रिबल, ज्यात बॉल डावी-उजवीकडे सरकत राहतो, तो पूर्वी लाकडी स्टिकवर खेळला जाई आणि त्या स्टिकला वाक नावापुरताच असे. हा ड्रिबल आजही स्टँडर्ड किंवा मिड बोवर जास्त स्वच्छ होतो. लो बोवर दर वेळी स्टिक उलटताना बॉल किंचित उडतो आणि पुढच्या टचला उशीर होतो.

गोलकीपरची स्टिक वेगळ्या घडणीची असते. तिला यातलं काही लागू नाही.

ड्रॅग फ्लिक: लो बोचं खरं कारण

लो बो ज्यासाठी जन्माला आला ती गोष्ट म्हणजे पेनल्टी कॉर्नरवरचा ड्रॅग फ्लिक. कारण नियमात आहे. पेनल्टी कॉर्नरवर पहिला शॉट हिट असेल तर बॉल गोलरेषा 460 मिमीपेक्षा उंच ओलांडू शकत नाही, म्हणजे गोलच्या मागच्या फळीएवढाच. फ्लिकला ही मर्यादा नाही. वरच्या कोपऱ्यात मारायचं असेल तर फ्लिकच हवा.

फ्लिकमध्ये खेळाडू खाली बसत मोठं पाऊल टाकतो, दांडा जवळजवळ आडवा होतो आणि बॉल हेडच्या थोडा वर, वाकाच्या खोबणीत पकडला जातो. तिथून तो दांड्यावरून सरकत हेडच्या टोकाकडे जातो आणि शेवटी मनगटाच्या झटक्याने सुटतो. वाक खोल आणि खाली असेल तर बॉल या प्रवासात स्टिकला चिकटून राहतो, निसटत नाही. वाक वर असेल तर बॉल मधेच सुटतो आणि फ्लिक लुळा जातो.

पॅरिस ऑलिम्पिक 2024 मध्ये भारताचा ड्रॅग फ्लिकर हरमनप्रीत सिंगने 10 गोल केले आणि त्यानंतर पोरांना फ्लिकरचीच स्टिक हवी असते. त्यांना एवढंच विचारा: संघात कॉर्नर तू घेतोस का? आठवड्यातून तीन दिवस तरी फक्त फ्लिकचा सराव करतोस का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ नसेल तर लो बोचा तोटा रोज होणार आणि फायदा कधीच नाही.

यावर एक पळवाट सुचते: मैदानावर मिड बो, आणि कॉर्नर मिळाला की बाकावरून लो बो मागवायची. नियमाने ती बंद आहे. पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत स्टिक बदलता येत नाही, हातातली स्टिक मोडून नियमाबाहेर गेली तरच बदलता येते. म्हणजे फ्लिकरला सबंध सामना त्याच स्टिकने खेळावा लागतो. हरमनप्रीत, रुपिंदर पाल, त्याआधी संदीप सिंग, हे भारताचे सगळे फ्लिकर मुळात डिफेन्डर. फ्लिकसाठी घेतलेल्या स्टिकने अशा खेळाडूला मागचे सगळे पास द्यावे लागतात. जो फ्लिकर हे शिकायला तयार नाही, त्याचा संघ कॉर्नरवर कमावतो आणि मागे गमावतो.

कॉर्नरवर गोलरेषेवरून बॉल आत ढकलणाऱ्याला, इंजेक्टरला, याच्या उलट स्टिक हवी. त्याचा पुश सरळ, वेगवान आणि अजिबात न उसळणारा असावा लागतो. लो बोवरून निघालेला बॉल बारीक टप्पे घेत जातो, थांबवणाऱ्याच्या स्टिकवरून उडतो आणि फ्लिकरला क्षणभर उशिरा मिळतो. कॉर्नर वाया जायला तेवढं पुरतं. फ्लिकर स्वतः इंजेक्शन करत नाही हे नशीब.

हेडचा आकार, कार्बन, लांबी

बो ठरला की हेडचा आकार. मधल्या आकाराचं मिडी बहुतेकांना जुळतं. मॅक्सीमध्ये टोकापाशी जागा जास्त, त्यामुळे रिव्हर्सला, म्हणजे स्टिक उलटी करून, बॉल थांबवणं आणि आडवी स्टिक टाकून टॅकल करणं सोपं जातं, म्हणून डिफेन्डरना ते आवडतं. हुकमध्ये टोक वर वळलेलं असतं. फ्लिकमध्ये बॉल टोकावरून निसटू नये म्हणून फ्लिकर ते घेतात. नियमाने हेडचं उघडं टोक तळापासून 100 मिमीपेक्षा उंच असू शकत नाही.

कार्बनची गोष्ट बोशी जोडलेली आहे. बहुतेक कंपन्या लो बो आपल्या जास्त कार्बनच्या मॉडेलमध्येच देतात. जास्त कार्बन म्हणजे कडक स्टिक. कडक स्टिकवर हिटला वेग मिळतो, पण आलेला बॉल थांबत नाही, उसळून पुढे जातो. नवशिक्या लो बो मागतो तेव्हा त्याला उघडी बाजू आणि कडकपणा, दोन्ही एकदम मिळतात. ट्रॅप सुटतो आणि सुटलेला बॉल हवेत असतो. तीन वर्षांपेक्षा कमी खेळलेल्याने 50 टक्क्यांच्या वर जाऊ नये.

लांबी: मोठ्यांसाठी 36.5 इंच सर्रास चालते, उंच खेळाडूला 37.5 इंच. मुलांना पायाशेजारी उभी धरून मूठ कमरेच्या हाडापर्यंत यायला हवी. पोरगं वाढतंय म्हणून मोठी स्टिक घेण्याची आपल्याकडची सवय इथे महागात पडते. स्टिक लांब झाली की हात शरीराला चिकटतात, दांडा मागे झुकतो आणि सपाट बाजू आणखी उघडते. बो कितीही चांगला निवडा, फुकट जातो.

आणि चौदा वर्षांखालच्या कोणालाही लो बो देऊ नका. हिट आणि पुश पक्के व्हायच्या वयात उघड्या बाजूच्या स्टिकवर मूल हात पुढे ओढायची विचित्र सवय लावून घेतं. नंतर सरळ स्टिक हातात आली की तोच बॉल जमिनीत घुसतो. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांचे बरेच सामने अजून मातीच्या मैदानावर होतात. तिथे बॉल आधीच उसळत असतो आणि वर स्टिकही उचलते. समोरचा खेळाडू पाच मीटरच्या आत असताना त्याच्या दिशेने उचललेला बॉल धोकादायक धरला जातो, आणि लहान मुलांच्या सामन्यात तो खरोखर धोकादायक असतो.

घेण्याआधी मैदानावर

मित्राची किंवा क्लबमधल्या कोणाची त्याच बोची स्टिक अर्धा तास मागून घ्या. बालेवाडी, पिंपरीचं नेहरूनगर किंवा चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम, जिथे तुम्ही खेळता त्याच पृष्ठभागावर हे करा. पाणी मारलेल्या टर्फवर बॉल खाली राहतो, कोरड्या टर्फवर तोच बॉल उठतो, म्हणून सामना जसा असतो तसंच मैदान हवं.

आधी काहीही न बदलता, नेहमीच्या पवित्र्यात, दहा मीटरवर दहा पुश मारा. बूट ओलांडून वर जाणारे किती ते मोजा. मग दहा हिट. मग जोडीदाराकडून जोरात आलेले दहा बॉल ट्रॅप करा. पुश आणि हिट मिळून सहाहून जास्त उठले, किंवा ट्रॅप तीनहून जास्त सुटले, तर तो बो सध्या तुमचा नाही. शेवटी दहा स्कूप किंवा फ्लिक. इथे सुधारणा दिसली नाही तर लो बो घेण्याचं उरलेलं कारणही संपलं.

रिव्हर्सही तपासा. स्टिक उलटी केल्यावर सपाट बाजू पुन्हा वरच बघते, आणि रिव्हर्सला मनगट दुबळं असल्यामुळे ती बंद करणं जास्त अवघड जातं. बऱ्याच जणांना बोचा त्रास पहिल्यांदा इथे कळतो.

बदललाच, तर पहिले दोन आठवडे

स्टँडर्डवरून लो बोवर आलात की तीन गोष्टी बदलाव्या लागतात. हिटमध्ये बॉल डाव्या पायाच्या पुढे ठेवत असाल तर तो अर्धा ते एक बॉल मागे घ्या. बॉल लागतानाच्या क्षणी हात बॉलच्या पुढे हवेत, म्हणजे दांडा पुढे झुकतो आणि उघडी बाजू बंद होते. ट्रॅप करताना डावा हात नेहमीपेक्षा पुढे आणि खाली. नुसतं जास्त वाकून हे जमत नाही. कंबर दुखते आणि बाजू उघडीच राहते.

पहिला आठवडा फक्त पुश आणि ट्रॅप करा, दुसऱ्यात हिट. फ्लिकचा मोह शेवटपर्यंत टाळा, कारण फ्लिक पहिल्याच दिवशी छान जातो आणि बाकीचं शिकायचं राहून जातं. सामना तोंडावर असेल तर जुनीच स्टिक वापरा.

चुकीचा बो घरी सरळ करता येत नाही. लाकडी स्टिक पूर्वी वाफेवर वळवत असत, ते ऐकून काही जण फायबर-कार्बनची स्टिक गरम करून दाबायला जातात. उष्णतेने आतलं रेझिन सुटतं, थर वेगळे होतात आणि दोन-चार हिटमध्ये स्टिक फाटते. कानशीने हेड घासणंही नको. त्यापेक्षा ती स्टिक क्लबमधल्या फ्लिकरला विका.

नव्या स्टिकवर ग्रिप चढवताना हात आवरा. दांड्यावरचे टेप आणि ग्रिपचे सगळे थर धरून स्टिक 51 मिमी आतल्या व्यासाच्या कड्यातून पार व्हावी लागते आणि एकूण वजन 737 ग्रॅमच्या आत असावं लागतं. वजनाची अडचण आजच्या स्टिकना सहसा येत नाही. पण हेडजवळ कडांना टेपचे तीन-चार थर गुंडाळले की कड्यात स्टिक अडकते, आणि ते कळतं स्पर्धेच्या सकाळी, स्टिक तपासणीच्या टेबलावर.